झांज कुणी चोरली

डॉक्टरांशी माझी ओळख झाली तेव्हा माझं तोंड उघडं होतं आणि त्यात त्यांची दोन बोटं, एक छोटा आरसा आणि लाळ ओढणारी नळी होती. कोथरूडच्या त्यांच्या दवाखान्यात मी दुखरी दाढ घेऊन गेलो होतो. भूल चढेपर्यंत त्यांनी कोपऱ्यातल्या टर्नटेबलवर एक रेकॉर्ड लावली, हात पुन्हा धुतले आणि म्हणाले, "एक बाजू, एक दाढ. बाजू संपायच्या आत मी संपवतो. मध्ये उठायचं नाही. तुम्हीही नाही, मीही नाही."

रेकॉर्ड सत्तरच्या दशकातली, विलायती. एक गाणं म्हणजे एक अख्खी बाजू, अशा जातीची. मी ती ओळखली, कारण मावसभावाच्या कॅसेटवर हेच ऐकत मी मोठा झालो होतो. मी घशातून आवाज काढला. डॉक्टरांनी ड्रिल थांबवलं.

"दुखतंय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग काय, आवडतंय?"

मी हुंकार दिला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला होता. "काय आवडलं ते चूळ भरल्यावर सांगा. ड्रिल थोडा वेळ बंद राहावं म्हणून बरेच जण आवडतं म्हणतात."

चूळ भरून, अर्ध्या बधिर तोंडानं, मी म्हणालो की मध्ये लय सात मात्रांची होते तिथे मजा येते. 'सात मात्रा' हे शब्द त्या ओठांतून काय बाहेर पडले असतील ते सांगवत नाही. डॉक्टरांनी मात्र माझ्या खांद्यावरचा कागदी रुमाल स्वतः काढला. "रविवारी सकाळी घरी या. हात धुऊन."

हात धुऊन हे ते गमतीनं म्हणाले नव्हते. रविवारी त्यांच्या दारात शाळेतल्यासारखे दोन्ही हात पुढे करावे लागत. तळवे पाहून, मग उलटे करून पाहून ते आत घेत. त्या खोलीत आणखी दोघं असायची. एक गायकवाड, सरकारी लेखा विभागातून निवृत्त झालेले, वारज्याहून स्कूटरवर येणारे आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बसणारे. दुसरी सायली, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी, आमच्यात सगळ्यात लहान, जिला हे सगळं संगीत फोनवरच सापडलं होतं. मी विमा कंपनीत. डॉक्टरांनी माझं नाव कधी उच्चारलं नाही. मी त्यांच्यासाठी कायम 'विमावाले'च राहिलो.

नाव न घेण्याचा नियम बँडनाही होता. "नाव घेतलं की माणूस नावाच्या बाजूनं बोलायला लागतो. ऐकायचं राहून जातं," असं डॉक्टरांचं म्हणणं. त्यामुळे गायकवाडांचे ते 'बासरीवाले', सायलीचे 'अंतराळवाले', माझे 'गणितवाले' आणि डॉक्टरांचे 'पेटीवाले', कारण ऑर्गनला ते पेटीच म्हणत. ड्रमसेटवरच्या पितळी तबकड्यांना झांज. आज लिहितानाही खरी नावं माझ्या हातून उतरत नाहीत.

कोणाचा बँड श्रेष्ठ, हा वाद दर रविवारी नव्यानं व्हायचा आणि डॉक्टर तो दातांवर आणून सोडायचे.

"बासरीवाले म्हणजे पुढचे दात. फोटोत छान. चावायला कोण?"

"आणि तुमचे पेटीवाले?" गायकवाड विचारायचे.

"दाढा."

"किडलेल्या."

"वापरली तर किडते, गायकवाड. तुमचे बासरीवाले कसे पांढरेशुभ्र राहिलेत बघा."

"आणि माझे, डॉक्टर?" सायली मुद्दाम विचारायची.

"तुझे म्हणजे अक्कलदाढ. उशिरा येते, आडवी येते, कामाची काही नाही. पण काढायचं म्हटलं की माणूस रडतो."

ऐंशीच्या दशकात या सगळ्याच बँडनी केस कापले आणि छोटी छोटी गाणी करायला घेतली. त्या काळाला डॉक्टरांकडे एकच शब्द होता. कवळी.

आतल्या खोलीत काकू, डॉक्टरांच्या पत्नी, वर्तमानपत्र वाचत बसायच्या. मध्येच विचारायच्या, "झालं का तुमचं भजन? पोहे टाकू?"

डॉक्टरांचा विश्वास कशावरच नव्हता. दुधावर नव्हता, सोसायटीच्या सेक्रेटरीवर नव्हता, जुन्या रेकॉर्ड साफसूफ करून नव्यानं काढतात त्यांवर तर मुळीच नव्हता. कोणी स्तुती केली की ते सावध व्हायचे. एकदा त्यांनी पेटीवाल्यांच्या कव्हरमधून भलतीच रेकॉर्ड काढून लावली, कुठल्याशा तिसऱ्याच, नक्कल करणाऱ्या बँडची, आणि डोळे मिटून बसले. गायकवाड मान डोलावत होते. मीही डोलावत होतो. सायली म्हणाली, "डॉक्टर, हे ते नाहीये." डॉक्टरांनी डोळे उघडले, आम्हा दोघांकडे पाहिलंही नाही आणि काकूंना हाक मारली, "सायलीला पोहे आधी द्या."

तेव्हापासून एक गोष्ट न बोलता ठरून गेली. त्या खोलीत कान डॉक्टरांचे. आम्हाला काय ऐकू आलं हे आमचं मत. त्यांना काय ऐकू आलं ती वस्तुस्थिती.

पेटीवाल्यांच्या एका रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूवर एक जागा आहे. सगळा गोंगाट चढत चढत जातो, पेटी एकदम थांबते आणि काहीच उरत नाही. मग त्या शांततेत झांज एकदाच वाजते. काठावर, हलकेच. पातेल्याला नख लागावं इतकीच. ती जागा जवळ आली की डॉक्टर उठून पंखा बंद करायचे, बसायचे आणि उजव्या हाताची तर्जनी वर धरायचे. झांज वाजली की बोट खाली. एखादा माणूस देवाच्या मूर्तीकडे बघताना जसा दिसतो, तसे ते त्या एका क्षणी दिसायचे. बाकी आठवडाभर ते फक्त संशय घेत.

दवाखाना त्यांनी एका तरुण डॉक्टरबाईंना देऊन टाकला, त्यानंतर काही काळानं त्यांच्या घराला रंग द्यायचं निघालं. रेकॉर्ड कुठे ठेवायच्या हा प्रश्न आला. रंगाऱ्यांवर विश्वास टाकण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून त्यांनी तीन खोकी केली आणि आम्हा तिघांकडे एकेक दिलं. ती खास रेकॉर्ड माझ्या खोक्यात आली. देताना म्हणाले, "उभी ठेवायची. आडवी ठेवलीत तर मला कळेल."

मी ती उभी ठेवली. खरं सांगायचं तर खोकं उघडलंही नाही. आमच्याकडे पाहुणे येणार होते, तर मी बायकोला म्हटलं, त्या खोलीत कोणाला झोपवू नकोस. माझा स्वभावच तसा आहे. मॉलच्या दारातलं यंत्र दुसऱ्या कुणासाठी वाजलं तरी मी माझे खिसे चाचपतो.

रंग झाला, खोकी परत गेली. पहिल्या रविवारी खोलीला ऑइलपेंटचा वास येत होता. डॉक्टरांनी ती रेकॉर्ड लावली, दुसरी बाजू. जागा आली. पंखा बंद झाला. बोट वर गेलं. झांज वाजली.

बोट वरच राहिलं.

पेटी पुन्हा सुरू झाली, गाणं पुढे सरकलं, तरी ते बोट तसंच हवेत. मग त्यांनी सुई उचलली, मागे नेली, तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा लावला. शेवटी सुई जागेवर ठेवून म्हणाले, "ही माझी नाही."

"म्हणजे?" गायकवाड म्हणाले.

"माझ्या रेकॉर्डवर झांज आहे. हिच्यावर नाही. कोणीतरी बदलली."

"अहो डॉक्टर, आहे की. आत्ता वाजली."

"गायकवाड, तुम्हाला बासरीपलीकडे काही ऐकू येतं, हे मला आज कळलं."

सायलीनं फोनवर तेच गाणं शोधून स्पीकरला जोडलं. डॉक्टरांनी ऐकलं आणि हात झटकला. "यांनी तर केव्हाच कापली. घासून घासून गुळगुळीत. हीच नवी छापणी माझ्या कव्हरमध्ये घातलीय."

सायली शहाणी मुलगी. ती म्हणाली, जुन्या रेकॉर्डच्या शेवटी, लेबलाजवळ, एक नंबर कोरलेला असतो, तो बघूया. डॉक्टरांनी दवाखान्यातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं. सायलीनं फोनवर ताडून पाहिलं, नंबर मूळ छापणीचाच होता. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच ते म्हणाले, "नंबराचं काय. द्या मला ड्रिलचा एक बारीक बर, असा नंबर मी तुम्हाला आत्ता कोरून देतो. तांदळावर देतो." ज्याच्या स्वतःच्या हातात ती कला होती, त्याला नंबर हा पुरावा कसा वाटावा? दातांचा डॉक्टरच अशी चूक करू शकतो.

आता विचार केला की लाज वाटते. आम्ही तिघं धडधाकट माणसं त्या खोलीत होतो, तिघांनीही झांज ऐकली होती, आणि तरीही तिघांनीही मान्य केलं की रेकॉर्ड बदलली गेली. आम्हाला वाटलं, आपण ऐकतोय ती कसलीतरी हलकी झांज असणार, अस्सल आपल्याला कुठे कळते. डॉक्टरांच्या कानांबद्दल कुणाच्या मनात शंकासुद्धा आली नाही.

मग शंका दुसरीकडे गेल्या. संध्याकाळी गायकवाडांचा फोन. "मी कुणावर आरोप करत नाही. पण खोकं तुमच्याकडे होतं ना?" मी म्हटलं, होतं. "झालं तर मग. मी काही म्हणत नाही." सायलीला गायकवाडांचा संशय होता, कारण पेटीवाल्यांना खाली पाडण्यात त्यांनाच रस. मला सायलीचा आला. इंटरनेटवर जुन्या रेकॉर्ड विकणारे लोक तिच्या ओळखीचे, आणि खोकी परत नेताना तिचीच गाडी होती. एवढी सरळ मुलगी, पण मी बसून हिशेब मांडत राहिलो की गाडी कुठे कुठे थांबली होती. मग बायकोचा आला. मी तिला विचारलं, चुकून रद्दीत वगैरे काही गेलं का. ती म्हणाली, "तुझ्या त्या ताटांना हात लावायला मला वेळ आहे?" शेवटी उरलो मी. मी चोरली नव्हती हे मला माहीत होतं, पण खात्री कमी कमी होत चालली होती.

रविवार बंद पडले. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी काही टाकेना.

मग एका दुपारी डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं. दारात हात पाहिले नाहीत, तिथेच मी समजलो. आत नेऊन ते स्वयंपाकघरात शिरले, फ्रीज उघडून पाण्याची बाटली काढली, आणि दार न लावताच तिथे उभे राहून बोलू लागले. "विमावाले, मी पोलिसात जाणार नाही. मला फक्त माझी रेकॉर्ड हवी. तिघांतला एक चोर आहे. तो कोण हे कळलं नाही तर तिघंही चोर. मग मी या घराचं दार कुणालाच उघडणार नाही."

फ्रीजचं दार उघडं राहिल्यामुळे तो वाजायला लागला होता. टीं टीं टीं, बारीक, टोचणारा आवाज. मला वाटलं, लावतील आता. ते बोलत राहिले. मी खुणेनं फ्रीजकडे पाहिलं. ते म्हणाले, "इकडे बघा, माझ्याकडे. नजर चुकवू नका." त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर ते यंत्र किंचाळत होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती.

काकू आतून आल्या, दार ढकललं, आवाज थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की मला कळलं आहे. डॉक्टर औषधाची गोळी आणायला खोलीत गेले तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बारीक आवाज गेलेत त्यांचे. आयुष्यभर ते ड्रिल कानाशी. फोन वाजला की मीच उचलते, म्हणते आत्ताच वाजला."

"काकू, मग सांगायला हवं त्यांना. आजकाल यंत्रं मिळतात चांगली."

"सांगा ना. तुम्हीच सांगा." त्या ओट्यावरचं फडकं घडी करत होत्या. "माणसं चोर निघाली तर चालेल त्यांना. तेवढी सवय आहे. पण कान गेले म्हटलं तर हे ती खोलीच बंद करतील. मी ओळखते ना त्यांना."

डॉक्टर परत आले. गोळी घेतली, पाणी प्यायले, माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "डॉक्टर, मी बदलली."

मी खूप विचार करून बोललो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. इतके दिवस कबुली जिभेवर तयारच होती, नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता.

डॉक्टर चिडले नाहीत. खुर्ची ओढून बसले. "का?"

"मोह झाला."

"पेटीवाल्यांचा? तुम्ही तर गणितवाले." संशयाची ती जुनी लकेर डोळ्यात आलीच.

"म्हणूनच. वाटलं, माझ्यावर कोणाला शंका येणार नाही."

हे त्यांना पटलं. एवढंच नव्हे, माझ्या हुशारीबद्दल थोडं कौतुकही वाटलं असावं. "हं," ते म्हणाले. "ही घेऊन जा आणि माझी आणा. रविवारी. सगळ्यांसमोर."

ती रेकॉर्ड मी कापडी पिशवीतून घरी नेली, मऊ फडक्यानं पुसली, आणि रविवारी तीच पिशवीतून परत आणली. गायकवाड आधीच येऊन बसले होते. मला पाहताच म्हणाले, "विमावाल्यांनीच दरोडा घातल्यावर क्लेम कुणाकडे करायचा?" सायलीनं तिची पर्स माझ्या बाजूच्या खुर्चीवरून उचलून पलीकडे ठेवली. ते गायकवाडांच्या टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

डॉक्टरांनी सुई ठेवली. झांज त्यांना ऐकू येणार नाही हे मला माहीत होतं. मग ते म्हणणार, हीसुद्धा खोटी, आणि मी एकदा नाही, दोनदा चोर ठरणार. जागा जवळ आली. पंखा बंद झाला, बोट वर गेलं. पण डोळे या वेळी मिटलेले नव्हते. ते सायलीकडे पाहत होते. सायलीचा अंगठा गुडघ्यावर ताल धरून होता. पेटी थांबली, झांज वाजली, अंगठा एकदाच पडला. आणि त्याच्या किंचित मागून डॉक्टरांचं बोट खाली आलं.

"हीच," ते म्हणाले. "हीच माझी."

गायकवाडांनी टाळी वाजवली. काकू दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

निघताना मी शेवटी थांबलो. चपला घालत होतो. डॉक्टर वाकून, दुसऱ्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण त्यांच्या मानानं जरा मोठ्यानंच म्हणाले, "विमावाले, एक सांगा. ती झांज डावीकडच्या स्पीकरमधून येते की उजवीकडच्या?"

मी वर पाहिलं. हा प्रश्न म्हणजे चोराची उलटतपासणी होती, की दुसरं काही, ते मला त्या चेहऱ्यावरून कळलं नाही. आजही ठरवता येत नाही.

"उजवीकडच्या," मी म्हणालो.

"बरोबर," ते म्हणाले. "विसरत चाललो होतो."

डॉक्टर आता नाहीत. काकू मुलीकडे राहतात. गायकवाड अजून भेटतात, पण मी त्यांच्या घरी गेलो तर त्यांच्या रेकॉर्डच्या कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात असते. सायलीनं मला कधी माफ केलं की नाही, विचारायचं धाडस झालं नाही. त्या दोघांना खरं सांगायचं तर डॉक्टरांचे कान चव्हाट्यावर आणावे लागले असते, म्हणून गप्प राहिलो. पण या चोरीचं मला ओझं नाही. ओझं वेगळंच आहे. त्या दुपारी मी सरळ सांगितलं असतं तर काय झालं असतं? कदाचित त्यांनी ते यंत्र लावलं असतं, कदाचित ती झांज त्यांना पुन्हा मिळालीही असती. काकू म्हणाल्या त्यावर मी पटकन विश्वास ठेवला. चोर होणं मला सोपं वाटलं, कारण त्याची मला आयुष्यभर तयारी होती. सोपं होतं म्हणून ते चांगलं होतं, असं मी स्वतःला सांगत आलो आहे, आणि मला माझाच संशय येतो.

रेकॉर्ड परत केली, त्याच्या पुढच्या रविवारी मी जाऊ की नको अशा विचारात दारात उभा होतो. डॉक्टरांनी माझे हात तपासले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग आत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याला माझ्या शेजारी बसवा. उजव्या बाजूला. माझा विश्वास नाही." आणि मी बसल्यावर माझं मनगट त्यांनी मुठीत धरलं. घट्ट, पकडून आणलेल्या माणसाचं धरतात तसं. गायकवाड हसले.

तिथून पुढे प्रत्येक रविवारी मी तिथेच बसलो. दुसरी बाजू चालू असायची, पंखा बंद व्हायचा, पेटी थांबायची. माझं मनगट मुठीत. झांज वाजली की मी ते किंचित हलवायचो, आणि डॉक्टर म्हणायचे, "आली."